संशयी घड्याळजींची कोरी तबकडी

समोरच्या घरातले घड्याळजी चोरून दवाखाना चालवतात, अशी आवई मध्यंतरी आमच्या जिन्यात उठली होती. लोकांचे जुने एक्स-रे मागून घेऊन पिशवीत दडवून आणणारा माणूस दुसरं काय करणार? आवई खोटी होती. मला पक्कं माहीत आहे, कारण ती मीच उठवली होती.

खरा प्रकार निराळाच. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर या गृहस्थांनी घरच्या घरी रेकॉर्ड कोरायचं यंत्र जमवलं होतं. शिवणयंत्राची मोटर, तिच्यावर फिरणारी थाळी आणि माइकमधल्या आवाजासरशी थरथरत रेघ कोरत जाणारी सुई. गाडं अडलं होतं ते कोऱ्या तबकडीपाशी. आणि माणूस असा, की कुलूप लावून तीनदा ओढून बघणार, मग अर्ध्या जिन्यातून परत येऊन चौथ्यांदा!

एक्स-रेच्या फिल्मवर आवाजापेक्षा खरखर जास्त. "कुणाच्या तरी फासळ्या मधे मधे बोलतायत," म्हणाले. जुनी सीडी इवलीशी. दुकानाच्या पाटीच्या अॅक्रिलिकचा सुईखाली नुसता भुगा. शेवटी छपराला लावतात तसलं न तडकणारं पारदर्शक प्लॅस्टिक आणलं. दुकानदार म्हणाला, "काका, एक नंबर माल!" झालं, संशय दुप्पट. हुंगलं, वाजवलं, नखानं ओरखडलं. वरचा संरक्षक पापुद्रा सोलून एका बाजूवर चाचणी घेतली. सुईमागून केसासारखा अखंड धागा निघाला, तेव्हा कुठे कपाळावरची आठी सुटली.

घाई होती. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या गळ्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. आवाज राहील याची डॉक्टर खात्री देत नव्हते, आणि तोवर कमी बोला म्हणत होते. म्हणजे संधी एकच.

ताई आल्या, पाठोपाठ मीही. घड्याळजींनी तबकडी उलटवली, न वापरलेली बाजू वर घेतली, सुई टेकवली. ताई माइकमध्ये घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "अरे संशयात्म्या, आईनं दिलेलं दूधसुद्धा हुंगून प्यायचास तू. आता मी सांगते ते न हुंगता ऐक. दोन वेळ नीट जेवत जा."

लगेच वाजवून पाहिलं. शब्दन् शब्द स्पष्ट! तेवढ्यात मला तबकडीच्या कडेला काहीतरी सुटलेलं दिसलं. मी पडले मदतीला धावणारी बाई. ते टोक चिमटीत धरून ओढणार, तोच घड्याळजींनी माझं मनगट धरलं. चेहरा पांढराफटक.

पापुद्रा दोन्ही बाजूंना असतो. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसानं दुसरी बाजू सोललीच नव्हती! ताईंचा आवाज प्लॅस्टिकवर नव्हेच, त्या पापुद्र्यावर कोरला गेला होता. मी ओढला असता, तर हातात कोरी तबकडी उरली असती. ताई तर तोंडावर पदर धरून गदागदा हसत होत्या. घड्याळजींनी कडेनं चिकटपट्टी लावली, तीही दोनदा.

ऑपरेशन झालं. ताई बऱ्या आहेत, आवाज मात्र गेला. आता वहीत लिहून भावाला झापतात.

काल मी दार वाजवलं. "भावजी, ताईंची ती रेकॉर्ड जरा ऐकवा की."

दाराची साखळी न काढता त्यांनी फटीतून माझ्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ऐकवतो. पण वहिनी, आधी हात मागे बांधा."