पाळीची किल्ली

लष्कराच्या सिग्नल्स पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आकाराम गुरव गावी परतला, तेव्हा कृष्णाकाठच्या साखर कारखान्यात नुकतेच संगणक आले होते. वीस वर्षं तारांशी संसार केलेला माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता. कारखान्याने त्याला बोलावून घेतलं आणि त्याने गावोगावची, उसाची नोंद ठेवणारी सातही गट कार्यालयं टेलिफोनच्या लाइनीने कारखान्याशी जोडली. प्रत्येक ठिकाणी एक राउटर बसला. हिरवे दिवे लुकलुकवणारी ही लहानशी पेटी ऊसतोडीची पत्रकं गटावरून कारखान्यात पोचवायची.

सातही पेट्यांना पासवर्ड मात्र एकच होता आणि तो नऊ जणांना ठाऊक होता. बदलायचा म्हटलं तर मोटारसायकलवर चार दिवस सात गावं फिरायची. त्यामुळे तो कोणी बदलतच नसे.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये कोणाचा तरी हात एका पेटीच्या आतल्या मांडणीत, सेटिंगमध्ये गेला आणि दोन दिवस त्या गटाची पत्रकं आलीच नाहीत. उसाच्या गाड्या वजनकाट्यापासून थेट हमरस्त्यापर्यंत खोळंबल्या. कोणी केलं? पेटीतली नोंद काढली तर नऊही जण एकाच नावाने आत जाणारे. दोष आपसूक आकारामवर आला, कारण पेट्यांपाशी नेहमी तोच दिसायचा. कारखान्याच्या एम.डी. साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, की दसऱ्याला बॉयलर पेटायच्या आत यावर उपाय दाखवा, नाहीतर हे काम पुण्याच्या कंपनीला देऊ. कराराचा कागद टेबलावरच होता. नोकरी जाणार याचं दुःख होतंच. पण पलटणीत वीस वर्षं ज्याच्या नावापुढे लाल शाई उमटली नव्हती, त्याला हा डाग जास्त सलत होता.

गावातल्या सिद्धनाथाच्या देवळाचे गुरव म्हणजे त्यांची चार घरं. देवळाची किल्ली घरोघर पाळीने फिरे. श्रावणातल्या अमावास्येला आकारामच्या घराची पाळी सुरू झाली. त्याची आई बनुबाई ओसरीवर बसली होती. चुलतजावेने येऊन किल्ली तिच्या ओंजळीत ठेवली. हुज्जत नाही, विचारपूस नाही. कोणाची पाळी, ते देवळाच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. कुलूप तेच, किल्ली तीच. हक्क तेवढा एका घरातून दुसऱ्या घरात गेला.

आकाराम देवळात जाऊन त्या भिंतीपुढे बराच वेळ उभा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने जाडजूड इंग्रजी पुस्तकं उघडली. कारखान्याच्या मोठ्या संगणकावर सगळ्या नोकरांची यादी होती. तिला डिरेक्टरी म्हणत. त्याने सातही पेट्यांना शिकवलं, की पासवर्ड आता स्वतःपाशी ठेवायचा नाही. दाराशी कोणी आलं, की यादीला विचारायचं, हा कोण आणि कोणत्या वर्गातला? वर्ग दोनच केले, नुसते पाहणारे आणि बदलणारे. लाइन तुटलीच तर अडायला नको, म्हणून प्रत्येक पेटीचा एकेक गुप्त शब्द लिफाफ्यात घालून, लाखेने बंद करून साहेबांच्या तिजोरीत ठेवला.

नावं भरताना मात्र त्याचा हात वय आणि मान बघून चालला. लालासाहेब कारखान्याचे ऑफिस सुपरिंटेंडेंट, तीस वर्षांचे जुने. आकारामसाठी शब्द टाकला होता तो त्यांनीच. त्यांना नुसत्या पाहणाऱ्यांत घालायचं म्हणजे वडीलधाऱ्याला जोड्यांपाशी बसवण्यासारखं. त्याने त्यांचं नाव बदलणाऱ्यांत घातलं, आणि मग आणखी पाच ज्येष्ठांची.

पहिल्याच चाचणीत एका गटाची लाइन बंद पडली. पण या वेळी नोंदीत नाव होतं. लालासाहेब.

तो कागद घडी करून आकाराम त्यांच्या खोलीत गेला. दार लोटून घेतलं. लालासाहेबांनी चष्मा लावून कागद वाचला, पुन्हा वाचला.

"बघावं म्हणून आत शिरलो आन् कायतरी दाबलं," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "मार्चात बी असंच शिरलो होतो रं. तवा कळलंच न्हाई मला."

आकारामच्या मनात रागवायचं होतं, जमलं नाही.

"आवं, चूक माझी हाय," तो म्हणाला. "देवळात मानाचा नारळ तुमचाच. पण गाभाऱ्याची किल्ली ज्याची पाळी त्याच्याकडं. मी मान आन् पाळी एकात घातली."

लालासाहेबांनी खुर्ची मागे सारली. "चल, काढ माझं नाव. माझ्या म्होरंच काढ." आकारामने त्यांचं आणि त्या पाच ज्येष्ठांची नावं त्यांच्यासमोरच पाहणाऱ्यांत नेली.

दसऱ्याच्या चार दिवस आधी एम.डी. साहेबांनी परीक्षा घेतली. संगणक विभागातल्या अंकिताची त्याच सकाळी ऊस विकास विभागात बदली झाली होती. तिचा बदलण्याचा हक्क सातही ठिकाणचा काढून दाखवा, असं ते म्हणाले आणि घड्याळ टेबलावर काढून ठेवलं. आकारामने यादी उघडली, एक नाव बदलणाऱ्यांतून पाहणाऱ्यांत नेलं आणि हात मांडीवर ठेवले. अंकिताने आपल्या नावाने एकेक पेटी उघडून पाहिली. सातही पेट्यांनी तिला आतलं सगळं दाखवलं. बदलू मात्र काहीच दिलं नाही. शिपायाने आणलेला चहा अजून वाफाळत होता.

साहेब काही बोलायच्या आत लालासाहेब पुढे झाले. अंकिताला उठवून खुर्चीवर बसले, आपलं नाव घातलं, बदल करायला एका बोटाने कळ दाबली. पडद्याने नकार दिला. त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा नकार.

"बघा साहेब, मलाबी सोडत न्हाई," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं. "आन् मार्चातला घोळ माझ्या हातचा. आकारामचा त्यात सुईएवढा दोष न्हाई. माझ्या सहीनिशी लिहून देतो."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. पुण्याचा कागद उचलून उभा फाडला आणि टोपलीत टाकला.

दसऱ्याला बॉयलर पेटला. पहिला नारळ लालासाहेबांनी फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा गर्दीतून वाट काढत आकारामच्या हातावर आणून ठेवला. चिमणीतून धूर निघाला, सरळ वर गेला. आत, संगणकाच्या खोलीत, सातही गटांच्या लाइनींचे हिरवे दिवे लागलेले होते.