आक्काचा कार्बन कागद

"फुकटवाले बाजूला व्हा."

चौथीच्या वर्गाचा फोटो होता, बाई रांगा लावत होत्या. अलिबागजवळची इंग्रजी शाळा. आम्ही चौघं बाजूला झालो. नावं घ्यावी लागली नाहीत. फी न भरता राखीव जागांवर आलेली पोरं कोण, ते सगळ्यांना पाठ होतं. मी नवी रिबीन बांधून आले होते. फोटो निघेपर्यंत आम्ही चपलांच्या रॅकपाशी उभे. मी रिबीन सोडली आणि दप्तरात कोंबली.

घरी आई म्हणाली, "गप ऱ्हा. नाव कापतील." ती किहीमच्या एका बंगल्यात भांडी घासायची. गप राहण्याचाच तिला निम्मा पगार मिळत होता.

आक्का आमच्या शेजारची. मराठी शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. स्वतः प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलेली. कुठल्या पोराला कुठल्या शाळेनं दारातून परत लावलं, याची खबर आधी तिला. कमरेच्या पिशवीत मिसरीची डबी आणि घडी घातलेला कार्बन कागद. कुणी गोड बोललं की ती डोळे बारीक करायची. "तोंडाचा भरोसा न्हाय. लेखी घ्यायचं."

तिनं वाकड्यातिकड्या अक्षरात दोन प्रतींचा अर्ज लिहिला. या चार मुलांना फोटोतून का काढलं, ते लेखी कळवावं. आणि तो दिला माझ्याच हातात. मी रडले. खरं सांगते, मला तिचा संताप आला. वाटलं, हिचं काय जातंय? शाळेतून मला काढतील, हिला नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन शाळेच्या ऑफिसात गेली. मुख्याध्यापक हसले. "एवढंसं काय मनावर घेता? चहा घ्या."

"चा नको. पोच द्या."

"म्हणजे?"

"अर्ज मिळाला म्हणून शिक्का मारा. आमच्या कागदावर."

शिपायाच्या बाकावर आम्ही शाळा सुटेपर्यंत बसलो. ती हलली नाही, मलाही हलू दिलं नाही. शेवटी शिक्का पडला. पुढच्या आठवड्यात फोटो परत काढला, आम्ही चौघं मधल्या रांगेत. माफी कुणी मागितली नाही. मीही फोटोत हसले नाही.

यंदा होळीनंतर आक्का गेली. तिच्या लेकीनं तो कार्बन कागद मला दिला.

त्याच इंग्रजी शाळेनं तिची श्रद्धांजली सभा ठेवली आणि मला भाषणाला बोलावलं. मी न्हावा शेव्याला एका गोदामाच्या गेटवर कागद तपासते. माझ्या शिक्क्याशिवाय ट्रक सुटत नाही. निमंत्रण वाचलं आणि मनात पाल चुकचुकली. तरी गेले. जिला बाकावर ताटकळत ठेवलं, तिच्या फोटोला आता स्टेजवर हार. खाली बॅनर : 'समान शिक्षणाच्या वाटेवरील आमच्या आक्का'. आमच्या! कधीपासून?

नवे मुख्याध्यापक फार गोड बोलले. मग माइकवर म्हणाले, "आता आक्कांची लाडकी मुलं या बाजूला या. मोफत जागांवरची. एक फोटो घेऊ."

मुलं उठली. आजही नावं घ्यावी लागली नाहीत. एक मुलगी खाली मान घालून बसूनच राहिली. बाईंनी तिला दंडाला धरून उठवलं.

माझ्याकडे भाषणाचे दोन कागद होते. ते उलटे केले, मध्ये आक्काचा कार्बन घातला आणि मांडीवर लिहिलं. या मुलांना वेगळं का उभं केलं, ते लेखी कळवावं. दोन्ही प्रती मुख्याध्यापकांपुढे धरल्या.

"अहो ताई, श्रद्धांजलीचा कार्यक्रम आहे," मुख्याध्यापक कुजबुजले. "तुम्ही आमच्याच विद्यार्थिनी. काय ते स्टेजवर बोला ना."

"तोंडी नको. पोच द्या."

"क्लार्क घरी गेलेत."

"शिक्का तर इथंच आहे ना?"

ते निघून गेले. मांडववाला खुर्च्या रचतो आहे. आक्काचा हार फोटोसकट टेबलाखाली गेला. मी शिपायाच्या बाकावर बसले आहे. आज शिक्का नाही मारला तर उद्या रजा टाकून येईन. परवाही येईन. पोच घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही.