बिनकानाचे जपानी कप आणि नानांची टपरी

लिहायचं सकाळपासून टाळतोय, नुसता चहाच चालू आहे.

देवळाली प्रवराला बस चुकली, म्हणून नानांच्या टपरीवर बसलो. त्यांना मोबाईलवर एक जुनं जपानी चित्र दाखवलं, लाकडी ठशानं छापलेलं. त्यात किटली, बिनकानाचे कप आणि वाटसरूला चहा देणारी बाई.

"बोटं भाजत असतील की तिची," नाना हसले. मग हळूच म्हणाले, "आमची बी अशीच उभी ऱ्हायची. हे तिला धाड."

नानांची बायको, म्हणजे काकू, भांडून माहेरी, दोन-तीन तासांवरच्या अकोल्याला गेल्यात.

"खाली काय लिहू?"

"लिही, गिऱ्हाइकं चहाला नावं ठेवत्यात."

सकाळीच पाठवलं. दुपार टळली तरी उत्तर नाही. रुसलेल्या माणसाला तुम्ही काय पाठवता?

थांबा, काकू आल्यात! बाकावर बसून म्हणतायत, "आज तुमी द्या चहा. कान असलेल्या कपात."