रविवारच्या आधीची आंघोळ

निम्मा रस्ता सरला तेव्हा आर्डिथ थांबली आणि कुंपणाच्या खांबाला टेकली. गाडी तळ्याकाठीच सोडून दोघी चालत निघाल्या होत्या. आर्डिथच्या कुत्र्याला, रस्टीला, आत घेतलं असतं तर ती गाडी पुढे कुणी फुकटसुद्धा नेली नसती. त्याने झुडपात शिरून स्कंकला हुंगलं, त्या काळ्या-पांढऱ्या जनावराने शेपटी उभारली आणि कुत्र्याच्या थोबाडावरच फवारा सोडला. जळक्या रबरासारखा तो वास दोन मैल त्यांच्याबरोबर चालत होता.

"वारा येतो त्या अंगाने चाल गं, वास कमी लागेल," नोरीन म्हणाली.

"मला काय होतंय? एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात कोबी उकडला मी. माझं नाक केव्हाच पेन्शनीत गेलंय."

नोरीन हसली. पण आर्डिथ पाय ओढत चालली होती, ते तिला दिसत होतं. चर्चमध्ये दोघी तीस वर्षं एकाच बाकावर बसत आल्या होत्या. आर्डिथच्या नवऱ्याला, मर्लला, अर्धांगवायू झाला तेव्हा चार वर्षं हिने त्याचं सगळं घरीच केलं. उचललं, भरवलं, पुसलं. स्वतःची पाठ गेली तेव्हा कुठे शुश्रूषागृहाला हो म्हणाली. आता दर रविवारी ती रस्टीला घेऊन तिथे जाई. मर्ल एरवी आठवडाभर तोंड उघडत नसे. कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला की मात्र दोन-चार शब्द निघत.

"उद्या रविवार," आर्डिथ म्हणाली. "मागच्यासारखं झालं तर तिथली मेट्रन रस्टीचं आत येणं कायमचं बंद करील. तोंडावर सांगितलंय तिने."

मागच्या खेपेला, एप्रिलात, स्कंकने असंच फवारलं तेव्हा वास मारायला आईच्या रीतीने तिने घरच्या टोमॅटोच्या रसाच्या अकरा बरण्या कुत्र्यावर रिकाम्या केल्या होत्या. तासभर चोळल्यावर वास गेला. म्हणजे हिला येईनासा झाला, एवढंच. दुसऱ्या दिवशी शुश्रूषागृहात चाकाच्या खुर्च्यांवरची म्हातारी माणसं नाकाला रुमाल लावून भिंतीकडे सरकली.

घरी पोचल्यावर आर्डिथचा हात सवयीने फळीवरच्या टोमॅटोच्या बरणीकडेच गेला.

"ठेव ती खाली. थंडीत सूपाला लागेल," नोरीन म्हणाली. तिने उघड्या बादलीत जखम धुवायचं पेरॉक्साइड ओतलं, खायचा सोडा घातला, भांड्यांचा साबण पिळला. मिश्रण फसफसून वर आलं.

"अगं, आधी पाणी नको मारूस! कोरड्या अंगावरच चोळायचं. डोळे सांभाळ."

तीनदा चोळलं, तीनदा धुतलं. दर वेळी रस्टीने अंग झाडून दोघींना भिजवलं. 'देवा, एवढं पार पडू दे,' नोरीन मनात म्हणत राहिली.

शेवटी आर्डिथ पायरीवर बसली. कोपरापर्यंत ओली, केस कपाळाला चिकटलेले. तिने कुत्र्याच्या मानेत नाक खुपसलं.

"गेला का गं?"

"खरं सांगू? मला कळत नाही. सकाळपासून मीही त्यातच आहे."

आर्डिथने कपाळावरचे केस मागे सारले.

"मग सकाळी ये, चर्चच्या आधी," ती म्हणाली. "ताजं नाक घेऊन ये. माझी कीव करून खोटं बोलू नकोस. आणि वास असला, तर मर्लकडे तू जा, नोरीन. रस्टी आता येणार नाही, हे त्याला तूच सांग. मला नाही जमायचं."