गोड्या पाण्याचा तांडेल

आमच्या तांडेलाइतका पाण्याचा अपमान करणारा माणूस मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. रोज सकाळी तो शेठांच्या तळ्याच्या काठावर उकिडवा बसायचा, ओंजळभर पाणी तोंडात घेऊन दोनदा गालांतून फिरवायचा आणि थुंकून म्हणायचा, "आळणी!" कोणीतरी येऊन त्यात मीठ टाकून गेलं असेल अशी त्याला रोज नव्याने आशा वाटत असावी. चिखल्याच्या किनाऱ्यावर जन्मलेला, बापाच्या होडीत वाढलेला, अर्धं आयुष्य समुद्रावर तांडेल म्हणून होडी हाकण्यात काढलेला हा माणूस उधव्याच्या अलीकडच्या डोंगरात एका नाल्यावर अडवलेल्या पाण्याचा तांडेल होऊन बसला होता, आणि ही गोष्ट त्याने स्वतःला कधी माफ केली नाही. एका वादळात त्याची होडी फुटली, त्याच आठवड्यात शेठांचा माणूस डहाणूच्या बाजारात नावाडी शोधत फिरत होता, एवढंच निमित्त.

शेठ मुंबईचे, गवताच्या आणि लाकडाच्या व्यापारातले. तेव्हा मुंबई राज्य एकच होतं, वेवजी गावाच्या पलीकडे दुसरं राज्य सुरू व्हायचं होतं, आणि शेठांच्या बोलण्यातही मराठी कुठे संपते नि गुजराती कुठे सुरू होते याची हद्द आखलेली नव्हती. कुठल्याशा थंड हवेच्या गावी नौकाविहार करून आल्यापासून त्यांना घरचं तळं हवं झालं होतं. दोन टेकड्यांमधला नाला अडवून त्यांनी मातीचा बांध घातला. बांध आखला शेठांच्या साडूंनी. साडू निवृत्त ओव्हरसियर. त्यांनी जन्मभर रस्ते केले होते, त्यामुळे त्यांचा बांधही रस्त्यासारखाच दिसायचा: वरून सपाट, दोन्ही कडांना गुलमोहर, मध्ये मध्ये सिमेंटची बाकं. फक्त मैलाचा दगड तेवढा राहिला होता. बांधाच्या खाली, नाल्याच्या वळणावर, वारल्यांचा पाडा होता, वीस-पंचवीस घरांचा, आणि पाड्याच्या टोकाला माझी एकशिक्षकी शाळा. मुंबईचे पाहुणे बाकांवर बसून "काय शांत आहे हो इथे!" म्हणत, तेव्हा त्यांच्या पाठीमागे खाली माणसं राहतात हे बहुतेकांना ठाऊक नसे.

तळं कडेला कमरेएवढं आणि मध्ये जेमतेम दीड वाव खोल, म्हणजे दोन हात पसरल्यावर होतं त्याच्या दीडपट. तरी तांडेलाची शिस्त भर समुद्रातली. होडीत चढताना चपला काढायच्या, आत शीळ घालायची नाही, सुकाणूला हात लावायचा नाही. एक नामांकित बॅरिस्टर बूट काढायला तयार होईनात, तर तांडेल त्यांना काठावर तसंच सोडून रिकामी होडी घेऊन पार पलीकडे गेला आणि तिथून ओरडला, "बूट सुटले का सायेब?" ओरडायची गरज नव्हती. साहेब हाकेच्याच काय, कुजबुजीच्या अंतरावर होते. पण पाण्यावर हळू बोलणं त्याला जमतच नसे. "वारा खातो शब्द," तो म्हणायचा. तिथे वारा कधी नसायचाच. होडीला एक शीड होतं, पाहुण्यांनी फोटो काढण्यापुरतं. तांडेल ते रोज उभं करायचा, त्याच्याकडे करुण नजरेने बघायचा आणि गुंडाळून ठेवायचा.

एका हिवाळ्यात तो शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. "मास्तर, तळ्याला ओहोटी लागते."

मी हसलो. तो हसला नाही. त्याने एका बांबूवर खुणा केल्या होत्या आणि सूर्य मावळताना नि उगवताना तो पाणी मोजत होता. रोज एका रात्रीत चार बोटं पाणी उतरत होतं, आणि भरती काही येत नव्हती. ही बातमी बंगल्यावर पोचली तेव्हा तिथे आठवडाभर दुसरा विनोद लागला नाही. शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आपल्या तलावमां ओहोटी छे, बरं का!" साडूंनी मात्र विषय गांभीर्याने घेतला. त्यांनी कागदावर सूर्य काढला, तळं काढलं, मध्ये वर जाणारे बाण काढले आणि तांडेलाला बाष्पीभवन समजावलं. तांडेलाने ऐकून घेतलं. मग विचारलं, "सायेब, रातच्याला ऊन पडतं का?"

दुसऱ्या दिवसापासून तो बांधाच्या पाठच्या उतारावर अनवाणी फिरू लागला. "डोळ्याला दिसत नाय, पायाला कळतं," म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याच्या पायाला कळलं. एका गुलमोहराच्या मुळाशी जमीन ओली होती, खेकड्यांनी बिळं केली होती आणि त्यांतून बारीक धार खाली पाझरत होती. पाड्यावरच्या लखमाला आणि आणखी चौघांना घेऊन त्याने तिथे चिकणमाती ठोकून बसवली. चार दिवसांनी ओहोटी थांबली. गुलमोहर काढून टाका, मुळं बांध पोखरतात, असं त्याने शेठांना सांगितलं. शेठ म्हणाले, "अरे, फुलं येतात त्याला!" साडूंनी वहीत 'बांध सुस्थितीत' असा शेरा लिहिला. तो शेरा त्यांनी बंगल्याच्या ओट्यावर आरामखुर्चीत बसून लिहिला, कारण तिथून बांध उत्तम दिसायचा.

खरी गोष्ट पुढच्या पावसाळ्यातली. जास्तीचं पाणी बाजूच्या खडकातून निघून जावं म्हणून बांधाला एक सांडवा होता. पाणी बंगल्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं तर किती शोभा येईल, असं शेठांच्या मनात आलं आणि साडूंनी सांडव्याच्या तोंडावर कमरेएवढी भिंत घालून ती शोभा आणली. तांडेल हात जोडून म्हणाला, "शेठ, पाणी जायला वाट नको?"

"हिशेब करून बांधलंय ते," साडू म्हणाले.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा तळ्यावरच करायची असं ठरलं. मुंबईहून मोटारी येणार होत्या, नारळाला सोनेरी कागद लावला होता, माझ्या मुलांनी स्वागतगीत म्हणायचं होतं. समुद्राचा नारळ तळ्याला वाहायचा हे ऐकून तांडेल दोनदा 'आळणी!' म्हणून थुंकला. आधीचे तीन दिवस पाऊस थांबलाच नव्हता. पौर्णिमेच्या सकाळी तो भिजत शाळेत आला. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलला, म्हणून मी घाबरलो.

"मास्तर, गाणं नको. पोरांना टेकडीवर न्या. पाड्यातली माणसं लखमा काढतोय. बांधाच्या माथ्याला पाणी हातभर कमी हाय, आन् पाठची माती माझ्या पायाखाली हलते."

मी मुलांना घेऊन टेकडीवर गेलो. म्हाताऱ्या माणसांना पाठुंगळीला घेऊन, कोंबड्या टोपल्यांखाली धरून सगळा पाडा वर येत होता. मी मुलं मोजली, पुन्हा मोजली, आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला, म्हणून तिसऱ्यांदा मोजली तेव्हा सगळी भरली. समोर सांडव्यावर तांडेल, पाड्याला वाटेला लावून आलेला लखमा आणि दोघेजण पहारी घेऊन भिंत फोडत होते. बंगल्याच्या ओट्यावर पाहुणे चहाचे कप घेऊन उभे होते. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला असावा. तेवढ्यात शेठ छत्री घेऊन धावत आले.

"तांडेल! शुं करे छे? काय करतोस तू?"

"ओहोटी आणतो, शेठ," तांडेल म्हणाला आणि त्याने पहार पुन्हा हाणली.

भिंत फुटली. पाणी खडकातून असं काही सुटलं की शेठांची छत्री उलटी झाली आणि ते मटकन खाली बसले. दुपारपर्यंत पाणी पायऱ्या सोडून खाली गेलं, होडी गाळात कलंडली. आणि मग, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, बांधाच्या पाठीचा एक मोठा लचका गुलमोहरासकट, बाकासकट घसरून नाल्यात गेला. पाणी सकाळइतकं वर असतं तर त्यामागून काय काय गेलं असतं, हे टेकडीवरून सगळ्या पाड्याला दिसत होतं. साडू मात्र म्हणाले, "मला थोडा अंदाज होताच."

एका पाहुणीने विचारलं, आता नारळाचं काय? शेठांनी तो मुकाट्याने तांडेलाच्या हातात दिला. तांडेलाने सोनेरी कागद सोलून काढला, नारळ कपाळाला लावला आणि सांडव्याच्या धारेत सोडला. "जाऊ दे. नाल्यातून नदीला, नदीतून समुद्राला. पोचेल."

शेठांनी त्याला काढलं नाही आणि त्याचे आभारही मानले नाहीत. भिंतही पुन्हा घातली नाही. पण त्यांची नौकाविहाराची हौस ओसरली, आणि होडी चालत नाही तिथे तांडेल कशाला, असं म्हणून दिवाळीनंतर तो आपणहून चिखल्याला निघून गेला. पुढे राज्यं वेगळी झाली, शेठांचं येणं कमी होत होत थांबलं, बंगल्याला कुलूप लागलं.

बऱ्याच वर्षांनी मी चिखल्याला गेलो. तांडेल अंगणात जाळं विणत बसला होता. नजर अधू झाली होती, बोटांनी चाचपत गाठी मारत होता. घरात बोंबील वाळत घातल्याचा वास भरून होता. मला आवाजावरून ओळखून त्याने आधी विचारलं, "शेठ रागावलेत अजून?"

"छे हो. ते केव्हाच विसरले."

"मग बोलावलं का नाय कधी?"

मी त्याच्या जाळ्याचं टोक हातात धरलं. त्याने आणखी एक गाठ मारली आणि म्हणाला, "पावसाच्या आधी सांडव्यातला पाला काढायला लागतो, मास्तर. आता कोण काढतो?"

त्याच्या प्रश्नाने मी इतका ओशाळलो की उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत कोयता घेऊन सांडव्यावर गेलो. सांडवा साफ होता. गवत नुकतंच कापलेलं, फांद्या एका बाजूला रचलेल्या. केस पिकलेला लखमा दोन पोरींना घेऊन शेवटचा पाला ओढत होता.

"तू करतोस हे?" मी विचारलं.

"दर सालाला, तुमची शाळा बंद असते तवा. पाड्यातलं एकेक घर पाळीनं," तो म्हणाला. "तांडेल सांगून गेलता."

हे चिखल्याला जाऊन तांडेलाला सांगायचं मी त्याच दिवशी ठरवलं होतं. शाळा सुरू झाली, मग पाऊस लागला, मग माझी बदली झाली. दिवाळीत जाऊ, असं म्हणत राहिलो. दिवाळीच्या आधीच तो गेल्याचं कळलं.