लिफ्टकाकांनी कॉम्प्युटर उघडला

लिफ्टकाकांचा राग अख्ख्या इमारतीला तोंडपाठ होता. चौतीस वर्षं काकांनी लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः राहिले लिफ्ट नसलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. रोज एवढे जिने चढून कुणाचंही डोकं तापेल, असं म्हणून त्यांची बायको सांभाळून घ्यायची. पण तो तिचा चांगुलपणा. काकांचं डोकं सपाट रस्त्यावरही तापायचं. वर्तमानपत्राची पानं उलटसुलट लागली की तापायचं, नळ ठिबकला की तापायचं, आणि तापलं की समोर जो असेल तो गुन्हेगार. रिटायर झाल्यावर तर समोर असायला दोनच माणसं उरली होती, बायको आणि सून. मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला. महिन्यातून दोनदा यायचा, आणि बापाचा स्वभाव त्याला लांबून फार गमतीचा वाटायचा.

या रागाला एक पद्धत होती, आणि ती काकांनी नोकरीतून आणली होती. लिफ्ट बंद पडली की ते मशीनरूमकडे जायच्या आधी खाली उभं राहून विचारायचे, शेवटी आत कोण होतं? त्या माणसाला धरायचं, चार शब्द सुनावायचे, मग तो कबूल करायचा की हो, दारात पाय घातला होता, किंवा कपाट कोंबलं होतं. दहातल्या सात वेळा हे बरोबर निघायचं. उरलेल्या तीन वेळा सुनावलेले शब्द परत घ्यायला काका काही गेले नाहीत. यंत्र बिचारं मुकं असतं, बिघाड माणूस करतो, हे त्यांचं ठाम मत होतं आणि ते बदलायची संधी त्यांनी कुणाला दिली नव्हती.

त्या शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास घरातला कॉम्प्युटर बंद पडला. काम चालू असताना पडदा काळा झाला आणि पुन्हा बटण दाबलं तर नुसती लांब शिट्टी. थांबून पुन्हा शिट्टी. पडद्यावर काही नाही. खुर्चीत सून बसलेली होती. झालं, खटल्याचा निकाल तिथेच लागला.

सून नकाशे काढायची. इमारतींचे आराखडे करणाऱ्या एका ऑफिसात ती लग्नाआधीपासून होती. चार वर्षांपूर्वी सासूच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा घरचं माणूस असताना बाहेरची बाई कशाला, असं काकांनी फर्मान काढलं आणि तिने नोकरी सोडली. सासू उठून बसायला, चालायला, जिना उतरायला लागेपर्यंत चार वर्षं गेली. मग तिने जुन्या ऑफिसचं दार पुन्हा ठोठावलं. साहेब म्हणाले, घरून एक काम करून दाखव, मग बघू. काम होतं एका शाळेच्या नव्या जिन्याचं. सोमवारी सकाळी दहाला नकाशा साहेबांच्या टेबलावर हवा होता, आणि तो नकाशा होता या एकाच कॉम्प्युटरच्या पोटात. दुसरी प्रत नव्हती, कारण बाहेरची कुठलीही वस्तू मशीनला लावायची नाही, तिच्यातून रोग येतो, असा काकांचा कायदा होता. तिचा साधा पेन ड्राइव्ह त्यांनी टीव्हीच्या कपाटात कुलपात ठेवला होता.

काका आले ते ओरडतच आले. काय दाबलंस? किती खिडक्या उघडल्या होत्यास? सकाळपासून चालू ठेवलं होतंस का? ती सांगत होती की परवाही आपोआप बंद झाला, काल दोनदा झाला, आतला पंखा मध्येच अडकल्यासारखा वाजतो, हे मी तुम्हाला परवाच सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. काका म्हणाले की मशीन चार वर्षं सुतासारखं चाललं, तेव्हा तू त्याला हात लावत नव्हतीस. आता रोज आठ-आठ तास जुंपतेस. बैल असता तर तोही बसला असता.

"मग डिस्क तेवढी काढून द्या," ती म्हणाली. "माझ्या मैत्रिणीकडे मशीन आहे. नकाशा निघाला की झालं, बाकी सावकाश दुरुस्त करा."

"माझ्या घरातलं मशीन सोडवून दारोदार फिरवायचं नाही. ज्याने बिघडवलं त्याने गप्प बसायचं."

ती गप्प बसली. आत जाऊन भाजी चिरायला घेतली, आणि विळीचा आवाज बाहेरपर्यंत येत राहिला. काकांनी दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, सोमवारी दुपारी बघतो. काकांनी त्यालाही सोडलं नाही; तुझ्यासारख्यांना मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरवून दिवसभर ठेवत असे, असं ऐकवून फोन ठेवला. मग शर्टाच्या बाह्या वर सारल्या. आपला हात जगन्नाथ.

टेस्टर लावून प्लगमधली वीज तपासली, ठीक होती. मशीनची विजेची वायर बदलून पाहिली, स्वयंपाकघरातल्या प्लगला जोडून पाहिलं, माऊस काढला, कीबोर्ड काढला, प्रिंटरची वायर काढली. तीच लांब शिट्टी. प्रत्येक शिट्टीनंतर ते दाराकडे तोंड करून काहीतरी बोलायचे. आजकालच्या पोरींना यंत्राची कदर नाही. घरात बसून पोट भरत होतं ते काय वाईट होतं. जेवणाच्या वेळी ताटावरही तेच. बायकोने एकदा म्हणून पाहिलं की अहो, जेवताना तरी. तर तिला उत्तर मिळालं की तूच तिला डोक्यावर चढवलीस. सुनेने अर्धं ताट तसंच ठेवलं आणि उठून गेली.

आता चीड येते ती याची की या घरात कुणीही त्या माणसाला थांब म्हणत नव्हतं. चार वर्षं जिने सासूला आंघोळ घातली, कूस बदलून दिली, तिला एका दुपारी तीस वेळा ऐकावं लागलं की तू बिघडवलंस.

अडीच वाजता काकांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि कॅबिनेटचे स्क्रू सोडले. एका बाजूचा पत्रा काढला, बॅटरीचा उजेड टाकला. आत धूळ होती, ती ब्रशने झाडली. मग रॅमची पट्टी खाचेतून ओढून काढली, तर ती बोटाला चिकट लागली.

काकांनी बोट उजेडात धरलं, मग नाकाशी नेलं. तो वास त्यांना ओळखायला शिकवायची गरज नव्हती. चौतीस वर्षं रोज संध्याकाळी तो त्यांनी साबण लावून हातावरून घालवला होता. लिफ्ट ज्या रुळांवरून वरखाली होते, त्या रुळांना घालायचं जाड तेल. रिटायर होताना त्याचा एक डबा ते घरी घेऊन आले होते आणि दाराच्या बिजागऱ्यांपासून शिलाई मशीनपर्यंत, फिरेल त्या प्रत्येक वस्तूला ते तेल घालायचे. मंगळवारी सून शाळेच्या कामासाठी साहेबांना भेटायला ऑफिसला गेली होती. कॉम्प्युटरचा पंखा बारीक किरकिरत होता. काकांनी पत्रा उघडून त्याला तेल पाजलं होतं. थोडं नाही, रुळाला पाजतात तसं.

पंखा फिरला तसं तेल उडालं. काही रॅमच्या खाचेत गेलं, बाकीचं धूळ धरून पंख्याच्या मध्यात चिखलासारखं बसलं. पंखा अडकत गेला, खालचा प्रोसेसर तापत गेला, तापला की मशीन स्वतःला वाचवायला बंद होत गेलं. शेवटी रॅमने दगा दिला. सगळं लिहून ठेवल्यासारखं स्पष्ट होतं.

मग त्यांनी स्पिरिट आणलं, कापूस आणला. रॅमच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या, खाच पुसली, पंखा सोडवून त्याचं एकेक पातं साफ केलं. बोटाने ढकलला तर गरगर फिरला. काम मात्र त्यांनी झकास केलं, तेवढं मानायलाच हवं. चार वाजता बटण दाबलं. शिट्टी नाही. पडदा उजळला.

नकाशा जागेवर होता. काकांनी तो उघडून पाहिला, खरं तर खात्री करायला, पण मग पाहतच राहिले. शाळेचा जिना. भिंतीला धरायला दोन कठडे, एक मोठ्यांच्या हाताला येईल असा आणि एक त्याच्या खाली, लहान मुलांच्या हाताला. पायऱ्यांची उंचीही मुलांच्या पायाला झेपेल एवढीच, प्रत्येक पायरीवर बारीक आकडा. एवढं नेटकं काम आपल्या घरात होतंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

या घटकेला उठून दार उघडलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. काकांनी दार उघडलं नाही. पुन्हा तापतोय का ते अर्धा तास बघायला हवं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं होतं. उरलेल्या वेळात त्यांनी कॅबिनेटच्या तळाचं तेल पुसलं, पत्र्याच्या आतल्या कडा पुसल्या, कापसाचे काळे बोळे वर्तमानपत्रात गुंडाळले, आणि बाहेर जाऊन काय सांगायचं ते मनात जुळवलं. विजेचा दाब कमीजास्त झाला असणार. तोही जास्त वापरामुळे. मी होतो म्हणून वाचलं.

पाच वाजता बायको चहा घेऊन आत आली. ती काठी टेकत चालायची, म्हणून कप अर्धाच भरलेला असायचा. तिने चालू पडदा पाहिला, मग वर्तमानपत्राच्या पुडक्यातून बाहेर डोकावणारा काळा कापूस पाहिला. चाळीस वर्षं या माणसाचे कपडे धुतलेली बाई ती, तिला वास घ्यायला वाकावंही लागलं नाही.

"तिने साडेचारला साहेबांना फोन केला," ती म्हणाली. "सांगितलं, माझ्या हातून मशीन बिघडलं, नकाशा गेला, मला माफ करा. ते म्हणाले, मग काम दुसऱ्या कुणाला देतो. आता तुम्ही सांगताय, की मी सांगू?"

काकांना राग आला. सवयीने आला. साडेचारला फोन करायची एवढी घाई काय होती, हे वाक्य ओठांपर्यंतही आलं. पण बायको दारातून हलली नव्हती, आणि तिच्या तोंडाकडे पाहून ते वाक्य आल्या वाटेने परत गेलं.

सून बाहेरच्या खोलीत धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. काकांना बघून उभी राहिली आणि म्हणाली की बाबा, चुकलं माझं, एवढा वेळ चालू ठेवायला नको होतं मी. आणि काका तिच्या अंगावर ओरडले.

"तुझं काही चुकलेलं नाही. समजलं? पंख्याला तेल मी घातलं. मंगळवारी. मशीन मी बिघडवलं, आणि ते चालू झालंय."

माफीसुद्धा त्यांना खेकसूनच मागता येत होती. सून धावत आत गेली. पडद्यावर आपला जिना पाहिला, कोपऱ्यात घड्याळ पाहिलं, मग फाइल शेवटची कधी उघडली तेही पाहिलं. तिथे चार वाजून सहा मिनिटं लिहिलेली होती. ती दारात आलेल्या काकांकडे वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"तेल घातलंत त्याचं मला काही वाटत नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "चुकतो माणूस. पण चार वाजता तुम्हाला सगळं कळलं होतं. मी साडेचारला या दाराबाहेर उभी राहून माफी मागत होते. तुम्हाला ऐकू येत होतं."

काकांना ऐकू आलं होतं. शब्द नाही, पण ती फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलतेय, एवढं आलं होतं. ते नाही म्हणाले नाहीत.

तिने फोन उचलला, नंबर लावला आणि त्यांच्या हातात दिला. साहेबांनी उचलला. काकांनी सांगितलं की मी तिचा सासरा बोलतोय, नकाशा सुखरूप आहे, मशीन तिच्यामुळे नाही, माझ्यामुळे बंद पडलं होतं. पलीकडे साहेब जरा वैतागलेच. म्हणाले, मग अर्ध्या तासापूर्वी ती स्वतःचा दोष म्हणून का सांगत होती?

"तिला माहीत नव्हतं," काका म्हणाले. सून समोरच उभी होती. "मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

मग साहेबांनी तिला फोन द्यायला सांगितलं. ती नुसतं हो, हो म्हणत होती, आणि शेवटी म्हणाली, सोमवारी दहाला, नक्की. फोन ठेवून तिने टीव्हीच्या कपाटाची किल्ली मागितली. काकांनी काढून दिली. तिने आपला पेन ड्राइव्ह घेतला, खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

काका बाहेर उभे राहिले. राग आलेलाच होता, चांगला छातीपर्यंत आला होता. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. बायको घड्या न झालेले कपडे घेऊन बसली होती आणि वर बघत नव्हती. तो काढायला कुणीच समोर नव्हतं.