पस्तीसवाल्यांचा बाक

गूळ मार्केटात ढेपा उचलताना वडिलांची कमर गेली. तेव्हापासून घर आईच्या झाडूवर. शाहूपुरीत आमच्या भूमितीच्या सरांचा खाजगी क्लास होता, तो हॉल ती पहाटे झाडायची. मी सोबत जायचे. फळ्यावर आदल्या दिवशीचं प्रमेय तसंच असायचं. आईला अक्षरओळख नव्हती. पण माझं वाचून होईपर्यंत ती फळ्याला फडकं लावत नसे.

शाळेत माझी जागा शेवटच्या बाकावर. पस्तीसवाल्यांचा बाक. आम्हाला परीक्षा घेऊन तिथं बसवलं नव्हतं. ज्यांना क्लास नाही, ते तिथं. सरांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, तुम्ही सिद्धता सोडा, नुसत्या रचना करा. वर्तुळ काढा, स्पर्शिका काढा, पास व्हा. 'का' ते क्लासवाल्यांनी विचारायचं. फी नाही, तर 'का' नाही.

सराव परीक्षेत मी सिद्धता लिहिली. स्पर्शिका आणि जीवा यांच्यातला कोन त्याच्या आतल्या कंसाच्या निम्मा असतो, ती. पेपर वाटताना सरांनी मला उभं केलं. माझ्या उत्तरावर आडवी लाल रेघ.

"आई क्लासात झाडते न्हवं तुझी? तिथनं पेपर कुणी उचलला, तिनं का तू?"

पुढच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "केरात गावला असंल, सर." वर्ग हसला.

मला एकटीला चोर म्हटलं असतं, तर बहुतेक रडून खाली बसले असते. त्यांनी आईला मध्ये ओढलं.

"फळ्यावर करून दावते," मी म्हणाले.

सरांनी स्वतः आकृती काढली. अक्षरं बदलली. वर्तुळाचं केंद्र मुद्दाम कोनाच्या आत घेतलं. हा प्रकार क्लासच्या फळ्यावर मी कधी पाहिला नव्हता. खडू मोडला. मग दिसलं. स्पर्शिका मागं वाढवली की पलीकडं लघुकोन उरतो. आधी तो धरला. स्पर्शबिंदूपर्यंत त्रिज्या ओढली, काटकोन आला, बाकीचं समद्विभुज त्रिकोणानं दिलं. एकशे ऐंशीतनं तो कोन वजा केला. निम्मा कंस उरला. प्रत्येक ओळीसमोर कारण लिहिलं.

आता कुणी हसत नव्हतं. सरांनी फळ्याकडं धड बघितलंही नाही. डस्टर माझ्यापुढं धरलं.

"पूस आता. घरचंच काम हाय तुमच्या."

"मी लिवलंय. मी न्हाय पुसणार."

घंटा झाली तरी ते फळ्यावर होतं. लाल रेघही पेपरावर होती. मार्क मिळाले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी आईचं काम गेलं. मी सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "काम गावतंय की. चोरटी म्हणून मी कुणाच्या दारात झाडू धरणार न्हाय."

काम लवकर गावलं नाही. तो उन्हाळा चहा-भाकरीवर काढला. वडिलांचं औषध बंद झालं, ते पुन्हा सरळ उभे राहिले नाहीत. हे मी विसरलेली नाही, विसरणारही नाही.

मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले. घरातली पहिली. आता गल्लीतल्या पोरांना भूमिती शिकवते. माझ्याकडं पस्तीसवाल्यांचा बाक नाही. सिद्धता सगळ्यांनी करायची, कारणासकट. आणि फळा मी पुसते. शेवटच्या पोराचं वाचून झाल्यावर.